दोन हजारांनी खाली

बुधवार, ५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की अंगावर नवा डाग दिसला, हिरडीतून किंवा नाकातून रक्त आलं, की तारखेसकट लिहून ठेवायचं. तर लिहितो. डावी पोटरी: जांभळा डाग, बशीएवढा. उजवा दंड: पिवळा पडत चाललेला, हा मेहुण्याने कौतुकाने थोपटल्याचा. दोन्ही नडग्या: लाल टिपके, टाचणीच्या टोकाएवढे. ते मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

एवढं लिहूनही पान बरंच उरलं, म्हणून बाकीचंही लिहितो. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका असतात. जखम झाली की त्या धावत येऊन भोक बुजवतात. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात, माझ्यात नऊ हजार आहेत. माझंच शरीर त्यांना परक्या समजून मारून टाकतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, घरचेच असे वागायला लागले तर तक्रार कुणाकडे करायची? त्या हसल्या नाहीत. बायको तर नाहीच.

सध्या स्टेरॉइडच्या गोळ्या. आकडा चढला की गोळ्या हळूहळू कमी करायच्या. त्या बंद झाल्यावरही आकडा टिकला तर जिंकलो. नाही टिकला तर पुढचे उपाय, "त्यात प्लीहा काढणंही येतं." त्यापुढे त्या बरंच काही बोलल्या, पण मी प्लीहेपाशीच थांबलो होतो. चोपन्न वर्षांत आपल्या पोटात डावीकडे प्लीहा नावाचा अवयव आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. आता ती जाणार म्हटल्यावर तिच्याबद्दल एवढी माया कुठून आली कोण जाणे. ऑपरेशनची मला भीती वाटते. हे हिला सांगितलेलं नाही.

दुकानात काच घासायच्या यंत्राला हात लावायला बंदी. मी तीस वर्षं चष्मे करतोय. काचेची कड बोटाला कापते हे खरं, पण यंत्र मेहुण्याच्या ताब्यात देणं हा त्यापेक्षा मोठा रक्तस्राव आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हिने घरातल्या सगळ्या टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज बांधलाय. माझा वस्तरा गायब. दात घासायचा ब्रश इतका मऊ आणलाय की दातांना गुदगुल्या होतात. भाजी चिरायची सुरी कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला आजच कशी आठवली सुरी?" लग्न झाल्यापासून मी भाजी चिरलेली नाही हा मुद्दा तिने काढायला नको होता. आजारी माणसाशी कसं बोलावं याची काही रीत असते.

शेजारीण कसलासा हिरवा पाल्याचा रस घेऊन आली होती. तिच्या भावजयीच्या माहेरी कुणाला तरी गुण आला म्हणे. मी डॉक्टरीणबाईंचं नाव पुढे करून सुटलो. रस कुंडीत ओतला. कुंडीतलं झाड मान टाकून बसलंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

आता दर सोमवारी लॅब. सकाळी रक्त द्यायचं, भिंतीच्या कडेच्या बाकावर बसायचं, तासाभराने कागद मिळतो. रक्त घेणारी बाई हाताने हलकी आहे पण जिभेने नाही. मी तिला मनातल्या मनात सुईबाई म्हणतो. "कापूस दाबून धरा. बघताय काय, दाबा."

बाकावर शेजारी एक गृहस्थ. साठीचे, सडपातळ, एवढ्या उकाड्यात गळ्यात मफलर. बरोबर त्यांची म्हातारी बहीण, तिला सगळे अक्का म्हणतात. मी सारखा पाय हलवत होतो. हा माणूस समोर बघतच म्हणाला, "प्लेटलेट?"

मी म्हटलं, "कसं ओळखलंत?"

"नडग्या. आणि तुम्ही कापूस दाबताय तो असा, की सोडला तर खोली भरून जाईल. मलाही असंच व्हायचं."

म्हणजे यालाही हाच आजार. एवढ्या लोकांत एक तरी आपल्यातला भेटला याचा आनंद झाला. माझा कागद आला: एकोणीस हजार. नऊचे एकोणीस झाले तरी दीड लाखापुढे ते काहीच नाहीत, माझा चेहरा पडला. मफलरने विचारलं, "किती?" मी सांगितलं. त्याने खिशातल्या घडी घातलेल्या कागदाकडे जरासं बघितलं आणि म्हणाला, "वा. माझे सतरा."

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. दुसऱ्याचं कमी आहे म्हणून बरं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं. घरी येताना मी शीळ घालत होतो, असं ही म्हणते.

अक्काचंही कौतुक वाटलं. भावाला धीर यावा म्हणून ती स्वतःही एक सुई टोचून घेते. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. माझी बहीण फोनवर म्हणाली, "रक्त काढतात तेव्हा दुसरीकडे बघ," बस एवढंच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नाकातून रक्त. वेळ: ऐन दुकानाची. एका बाईंची नजर तपासत होतो, तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर, मी काचा बदलतोय, "आता बरं की मघाशी बरं" चाललंय, आणि माझ्याच नाकातून टपकन. मी नाक चिमटीत धरून पुढे वाकलो. डोकं मागे टाकायचं नाही, हे सांगितलेलं आहे. त्या बाईंना काचेमुळे मी धूसर दिसत होतो. त्यांना वाटलं मी अदबीने वाकलोय. त्या तक्त्यावरची ओळ वाचत राहिल्या, मी नाकातून "पुढची" म्हणत राहिलो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो तेव्हा रक्तही थांबलं. चष्म्याचा नंबर बरोबर निघाला, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मेहुणा मात्र भिंतीला टेकून पांढराफटक झाला होता. त्याला पाणी मी दिलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस. मफलर: सेहेचाळीस. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच घाबरलो, की बिचाऱ्याला डाग पडेल. तो हसला. "मारा हो, काही होत नाही." लोक स्वतःच्या तब्येतीबद्दल इतके बेफिकीर कसे असतात मला कळत नाही.

सुईबाई अक्काला म्हणाली, "या आठवड्यात गोळीने रक्त अगदी बरोबर पातळ झालंय हं." अक्का खूश. रक्त पातळ असण्यात कौतुक काय आहे? पण म्हाताऱ्या माणसांना कुणी चार शब्द चांगले बोललं की पुरतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

स्टेरॉइडने भूक अशी लागते की समोरच्याच्या ताटातलं दिसायला लागतं. आज सकाळी सहा अंडी, पाव अख्खा, केळी. त्यानंतर नाश्ता. तोंड गरगरीत झालंय. आरशात बघितलं तर माझे मामा दिसले. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मालक नाहीत का आज?"

आणि झोप नाही, आणि अंगात नुसता उत्साह. दुकानातल्या सगळ्या फ्रेमा मी आज रंगाप्रमाणे लावल्या. मग ते आवडलं नाही म्हणून नाकांच्या मापाप्रमाणे लावल्या. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मला आता एकही सापडत नाही." त्याच्याशी भांडलो. मग हिच्याशी भांडलो. ही म्हणाली, "हे तुम्ही बोलत नाही, गोळ्या बोलतायत." मी म्हटलं, गोळ्यांचं बरोबर आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चौऱ्याहत्तर हजार. आज मी एक वाह्यातपणा केला. मफलरने विचारलं तर मी म्हटलं, "नव्वद." का म्हटलं कोण जाणे, जरा तोरा मिरवावासा वाटला. त्याने कागदाकडे बघितलं. "छान. माझे अठ्ठ्याऐंशी."

म्हणजे गंमत बघा. मी सोळा हजारांची थाप मारली, तरी हा दोन हजारांनी खालीच. आमच्या दोघांच्या प्लेटलेट एका दोरीला बांधल्यासारख्या चढतात. हा शोध मी डॉक्टरीणबाईंना सांगितला. एकाच लॅबमधले दोन रोगी, एकाच चालीने. यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा. त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गोळ्या आजपासून कमी करू या."

सोमवार, १७ मार्च

गोळ्या उतरतायत तसा आकडाही उतरतोय. एक्केचाळीस. मफलर: एकोणचाळीस.

आज मफलरच्या दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे. गुलाबाची छाटणी केली म्हणे. मी हादरलो. एकोणचाळीस हजारांवर गुलाब? मी त्याला चांगला झापला. म्हटलं, "माझ्या बायकोने घरातल्या टेबलांना स्पंज बांधलाय, आणि तुम्ही काट्यांत हात घालता?" तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलंच." अक्का पदरात तोंड लपवून बसली होती. तिला किती काळजी असेल. ओरखडे मात्र नुसते ओरखडेच होते, आजूबाजूला साधा निळा ठिपकाही नाही. एकेकाचं नशीब असतं.

सोमवार, २४ मार्च

चौदा.

ही आज बरोबर आली होती. कागद तिनेच घेतला, आणि घडी घालून पर्समध्ये टाकला, दाखवायचा नाही असा. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्टेरॉइडवर टिकत नाही असं दिसतंय. आता नवी गोळी, रोज उपाशीपोटी, आणि त्यानंतर चार तास दूध-दुभतं काही नाही. सहा आठवडे बघू. नाही चढले तर मग बसून बोलू. बसून काय बोलणार ते मला माहीत आहे.

बाकावर येऊन बसलो तर डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी रुमालाने चष्मा पुसायला लागलो, धंद्याची सवय म्हणून खपून जातं. मला भीती ऑपरेशनची वाटतेच, पण त्याहून जास्त अशी वाटते की सकाळी उठेन तर डोक्यात कुठेतरी रक्त गळलेलं असेल आणि मला हिचं नाव आठवणार नाही. हे कुणाला सांगणार?

मफलरने विचारलं नाही. मीच म्हटलं, "चौदा."

त्याने खिशातला कागद चाचपला. "माझे बारा," तो म्हणाला. आणि मग, "एकदा मी सहापर्यंत गेलो होतो. दहा-बारा दिवस. त्या दिवसांत मी बायकोला रोज सकाळी नावाने हाक मारायचो, येतंय की नाही बघायला. ती वैतागली होती."

मी चष्मा पुसायचा थांबलो. म्हटलं, "मग?"

"मग काय. चढले. तुमचेही चढतील."

बारा हजारांवरचा माणूस मला धीर देत होता. मला स्वतःची लाज वाटली. घरी येऊन दोन पाव जास्त खाल्ले.

ही आणि अक्का आज कोपऱ्यात बराच वेळ कुजबुजत होत्या. मी गेल्यावर गप्प. येताना वाटेत ही एकटीच हसत होती. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "मफलरवाले फार चांगले आहेत." मी म्हटलं, "चांगले आहेत, पण बेजबाबदार." तर आणखी हसली. नवऱ्याचे चौदा हजार असताना बाई हसते, याला काय म्हणावं?

मंगळवार, २५ मार्च

सकाळी उठल्याबरोबर हिला नावाने हाक मारली. ती स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं?" म्हटलं, काही नाही, येतंय. पूर्वी मी तिला "अगं" सोडून कधी हाक मारली नव्हती. ती पदराला हात पुसत म्हणाली, "रोज मारा."

दुधाशिवाय चहा प्यालो. तो चहा नाही, रुसलेलं रंगीत पाणी आहे.

सोमवार, ७ एप्रिल

आज लॅबमध्ये मोठं रामायण झालं. डोकं शांत ठेवून लिहितो.

माझे बावीस. मफलर: वीस. हे त्याने कागद हातात यायच्या आधीच सांगितलं. बोलता बोलता सुईबाईने हाक मारली आणि दोन कागद त्याच्या हातात दिले, "एक अक्कांचा, एक तुमचा, सहामाही तपासणीचा." तो घडी घालत होता. आता दुरून बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदा आहे, मी मुद्दाम वाकून बघितलं असं कुणी म्हणू नये. कागदावर प्लेटलेटपुढे स्वच्छ छापलेलं: दोन लाख दहा हजार.

मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, ही काय थट्टा आहे? वीस हजारांचा माणूस, आणि यांनी दोन लाख दहा लिहून दिले. उद्या हा या कागदाच्या भरवशावर दात काढून घेईल, गोळ्या बंद करेल, गुलाब तर हा छाटतोच. मी सरळ सुईबाईच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "बाई, तुम्ही रक्त कुणाचं घेता आणि लिहिता कुणाचं? या गृहस्थांच्या प्लेटलेट वीस हजार आहेत. मी साक्षीदार आहे. गेले दोन महिने दर सोमवारी माझ्याहून दोन हजारांनी कमी."

सुईबाई म्हणाली, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच."

तिने मफलरकडे बघितलं. मफलर छताकडे बघत होता. कान लालबुंद. बिचारा भिडस्त माणूस, आपल्यासाठी कुणी भांडलेलं त्याला सोसत नाही. बाकावरचे सगळे आमच्याकडे बघत होते. सुईबाईचा चेहरा मग एकदम बदलला, आणि जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी गोड बोलली. "चुकलं असेल हो. मी बघते. तुम्ही बसा, आणि कापूस दाबून धरा."

चूक कबूल केली म्हणून मीही सोडून दिलं. मफलरला बजावलं की पुढच्या वेळी रक्त दुसऱ्या हाताचं द्या. त्याने माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी भांडलात." मी म्हटलं, "आपण एका दोरीचे, आपण नाही तर कोण?"

घरी हे सगळं हिला सांगितलं. ती ओट्याला धरून खाली बसली. हसत होती की रडत होती कळेना. म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तुम्हाला पार रस्त्याच्या पलीकडून दिसतं हो." मी म्हटलं, तीस वर्षांचा सराव आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल

मेहुण्याने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. तो माणूस दुकानाच्या पायऱ्या उतरताना पाण्यात पाय घालतोय असा उतरला. मी धावत जाऊन त्याला परत आणला. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, फ्रेमवर कुठे लिहिलंय डावं-उजवं?" मला यंत्रावर परत बसलंच पाहिजे. प्लीहा राहो न राहो, दुकान राहिलं पाहिजे.

नाही, प्लीहाही राहिली पाहिजे.

नवे डाग: नाहीत. हे मी तीनदा तपासलं. ही म्हणाली, "पाठ मी बघते," आणि तिने बघितली. तीही कोरी.

सोमवार, २१ एप्रिल

सदुसष्ट. स्टेरॉइड आता जवळजवळ बंद, आणि तरी सदुसष्ट. मी कागद दोनदा वाचला, मग दुसऱ्या डोळ्याने वाचला.

मफलर: पासष्ट. अजून त्याला दोन लाखांच्या कागदाबद्दल लॅबने काही कळवलेलं नाही. मी म्हटलं मी बोलतो. तो घाईघाईने म्हणाला, "नको, नको, मिटलंय ते."

त्याला वाचायचा चष्मा हवा आहे. कागद हातभर लांब धरतो. मी आज बाकावरच त्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घेतलं.

सोमवार, ५ मे

सावकाश लिहितो, कारण आजचा दिवस चांगला आहे आणि तो लवकर संपवायचा नाही.

एक लाख बारा हजार. स्टेरॉइड पूर्ण बंद होऊन आठवडा झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. प्लीहेचा विषय आता बंद. हीच गोळी चालू ठेवू, आणि महिन्यातून एकदा तपासू." मी विचारलं, यंत्रावर बसू का? "बसा, पण हातमोजे घालून." मला त्यांच्या टेबलावर डोकं टेकावंसं वाटलं. टेबलाला स्पंज नव्हता म्हणून टेकलं नाही. हिने माझा हात धरला होता तो दारापर्यंत सोडला नाही. मग म्हणाली, "तुम्ही जा तुमच्या मित्राला सांगायला, मी घरी जाऊन सगळे स्पंज सोडते."

बाकावर मफलर होता, अक्का होती, आणि मधे एक नवा. हा एवढा आडदांड गडी, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा. मांडीवर हेल्मेट, आणि ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. गुडघा असा हलत होता की सगळा बाक हलत होता. दंडावर जांभळा डाग. मी शेजारी बसलो. मला विचारायची गरजच पडली नाही.

"प्लेटलेट?" मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "अकरा हजार म्हणतात. मी मोटरसायकलवर पार्सलं पोचवतो. गाडीला हात लावायचा नाही म्हणाले. बायकोला आठवा महिना." मग एकदम माझ्याकडे वळून, "काका, तुमचे किती?"

खिशात एक लाख बारा हजारांचा कागद होता. असा कागद कुणाला तरी दाखवावा म्हणून तर मी तीन महिने धडपडत होतो. जीभ अगदी टोकापर्यंत आली. आणि त्याचा तो गुडघा बघितला, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी खिशातल्या कागदाकडे जरासं बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "नऊ."

त्याचा गुडघा थांबला. "नऊ? आणि तुम्ही असे मजेत बसलाय?"

"मग काय. चढतात. तुमचेही चढतील."

तेवढ्यात पलीकडून मफलर खाकरला. समोर भिंतीकडे बघत तो म्हणाला, "माझे सात."

दोन आठवड्यांपूर्वी पासष्ट, आणि आज सात. आणि मी इथे लाखाचा कागद खिशात घालून बसलोय. पण हेल्मेटवाला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू रंग येत होता. सगळ्या बाकावर आपणच श्रीमंत आहोत असं त्याला वाटायला लागलं होतं. त्याने हेल्मेट बाजूला ठेवलं. जाताना मला म्हणाला, "काका, गाडी चालवत नाही ना तुम्ही? सांभाळा."

तो गेल्यावर मी मफलरला सगळं कबूल केलं, माझे खरे लाख आहेत म्हणून. म्हटलं, "रागावू नका. त्या पोराला बरं वाटावं म्हणून मी मुद्दाम त्याच्याहून दोन हजार कमी सांगितले. आयत्या वेळी सुचलं. अशी युक्ती सुचायला डोकं लागतं."

मफलर माझ्याकडे बघत राहिला. डोळे भरले होते त्याचे. सात हजार झाल्यावर कुणाचे भरणार नाहीत? मग म्हणाला, "खरंच लागतं. मला तर कधी सुचलं नसतं."

मी त्याला त्याचा चष्मा दिला. त्याने घातला, आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आता स्वच्छ दिसतंय." अक्का मला म्हणाली, "देव तुमचं भलं करो." माझं तर झालंच आहे. मफलरचं व्हायला हवं.

संध्याकाळी यंत्रावर बसलो, हातमोजे घालून. पहिली काच डावी होती, डावीकडेच बसवली. मेहुणा बाजूला उभा राहून बघत होता. घरी आलो तर स्पंज सगळे सुटले होते आणि सुरी ओट्यावर होती. हिला बाकावरची हकीगत सांगितली. ती ऐकत होती. माझी युक्ती सांगून झाल्यावर तिने माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत चढवला. मग मला सुरी दिली आणि भाजी चिरायला बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी महिन्यातून एकदा यायला सांगितलंय, पण मी दर सोमवारी जाणार. सात हजारांवरच्या माणसाला त्या बाकावर एकटं सोडणं बरं नाही. शिवाय हेल्मेटच्या गोळ्या चालू झाल्यात. पुढच्या सोमवारी त्याचे पंधरा आले, तर मी तेरा सांगणार आहे.